आधी पात्र, मग पाठांतर: तालमीत भूमिका शोधण्याचा क्रम

सोलापुरातल्या हौशी संस्थांच्या आणि कॉलेजांच्या तालमींत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. पहिल्या दिवशी वाचन होतं. तिसऱ्या दिवशी ‘पाठांतर कुठवर आलं?’ ही विचारणा सुरू होते. आठवडा संपायच्या आत दिग्दर्शक सगळ्यांना हालचाली देऊन मोकळा होतो. राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी असो की विद्यापीठाचा युवा महोत्सव, क्रम हाच. दुसऱ्या आठवड्यात प्रत्येकाचा एक सूर लागतो आणि तो प्रयोगापर्यंत तसूभर हलत नाही. पुढे परीक्षक ‘भूमिका सापडली नाही’ म्हणतात तेव्हा नट गोंधळतो, कारण त्याचं एकही वाक्य चुकलेलं नसतं.

मेहनत झालेली असते, क्रम उलटा झालेला असतो. वाक्य पाठ होताना नुसते शब्द पाठ होत नाहीत. त्या दिवशी तोंडात जी चाल, जी पट्टी, जो पॉज असतो तोही सोबत पाठ होतो. पात्र अजून कळलेलं नसताना घोटलेली ती चाल पुढे काढायला गेलं की वाक्यच विसरायला होतं, म्हणून नट ती सोडत नाही. त्यामुळे पात्राचा शोध पाठांतराच्या आधी उरकावा लागतो. तो कसा करायचा, कोणत्या क्रमाने करायचा आणि कुठे फसतं, हे पुढे सांगतो आहे.

उदाहरणासाठी एक प्रवेश इथे रचून घेतो. सोलापूरच्या पूर्व भागातलं एका खोलीचं घर. नरसय्या, वय ५४, यंत्रमाग कामगार. त्याची बायको राजमणी घरी विड्या वळते. मुलगा श्रीनिवास याला पुण्यात नोकरी लागली आहे आणि आज रात्रीच्या गाडीने तो निघणार आहे. बापाला हे आत्ता, कोपऱ्यात भरलेली बॅग दिसल्यावर कळतं. बोलाचाली होते. प्रवेशाच्या शेवटी नरसय्या एवढंच म्हणतो: ‘जेवून जा.’

## तयारी: पहिल्या तालमीच्या आधी

वेळ. एकांकिकेला सहा आठवडे धरा, रोज संध्याकाळी दोन-अडीच तास. पहिले तीन आठवडे पात्राच्या शोधाला, चौथा पाठांतराला, पाचवा हालचालींना आणि सहावा सलग तालमींना. हातात पंधराच दिवस असतील तर टप्पा ६ आणि ७ गाळा. टप्पा ३ आणि ४ गाळून उपयोग नाही. बाकी सगळं त्यांच्यावर उभं आहे.

संहिता. कागदाच्या एकाच बाजूला छापा, समोरचं पान टिपणांसाठी कोरं राहू द्या. मग पेन्सिल घेऊन कंसातले ‘रागाने’, ‘हुंदका देत’, ‘खिन्नपणे हसून’ असे शब्द खोडा. ‘दार लावतो’, ‘बॅग उचलतो’ अशा सूचना मात्र ठेवा. त्या घटना आहेत. पहिल्या प्रकारच्या सूचना म्हणजे लेखकाने गृहीत धरलेला परिणाम. नटाने सुरुवातीलाच तो परिणाम वाजवायला घेतला की शोध तिथेच संपतो.

जागा. शाळेचा हॉल, मंगल कार्यालयाची वरची खोली, गच्ची, काहीही चालेल. आरसा नको. पंख्यांचा विचार करा: जुन्या पंख्यांच्या घरघरीवर आवाज चढवून बोलायची सवय पहिल्या दिवसापासून लागते आणि मग हळू बोलण्याचे प्रवेशही ओरडून होतात. एप्रिल-मे महिन्यात सोलापुरात पंखा बंद करून बसणं शक्य नाही. तेव्हा वाचनाच्या तालमी रात्री आठनंतर गच्चीवर घ्या.

वस्तू. ज्या वस्तूंशी पात्राचा रोजचा संबंध आहे त्या पहिल्या आठवड्यापासून हातात हव्यात. आमच्या प्रवेशासाठी सूप, कातरी, दोरा, तेंदूपत्त्याच्या मापाने कापलेले खाकी कागद आणि खरोखर वजन भरलेली बॅग. रिकामी बॅग उचलणारा हात प्रेक्षकाला लगेच कळतो.

> सावध: तालमीत खरा तंबाखू वापरू नका. बंद खोलीत त्याची धूळ सगळ्यांच्या नाकातोंडात जाते. चहाची वाळवलेली पूड पुरेशी आहे.

दिग्दर्शकासाठी दोन नियम. वाक्य म्हणून दाखवायचं नाही. आणि पहिले तीन आठवडे बाहेरच्या कुणालाही तालमीला बोलवायचं नाही. पाहुणा आला की नट शोधायचं थांबवून दाखवायला लागतो, मग तो पाहुणा कितीही जाणकार असो.

## टप्पा १: सपाट वाचन

सगळे गोलाकार बसा. प्रत्येकाने आपलं वाक्य डोळ्यांनी वाचायचं, मान वर करून समोरच्याकडे बघायचं आणि मगच बोलायचं. कागदाकडे बघत बोलायचं नाही. वेग आपोआप कमी होतो, तो तसाच राहू द्या. अभिनय करायचा नाही. मुद्दाम यंत्रासारखं सपाट बोलायचंही नाही. अर्थ समजून, समोरच्याला सांगितल्यासारखं वाचायचं.

दोन बैठकींत पात्रांची अदलाबदल करा. नरसय्या करणाऱ्याने राजमणी वाचावी, श्रीनिवास करणाऱ्याने नरसय्या वाचावा. आपल्या वाक्यांखाली रेघा मारून तेवढंच वाचायची सवय याने मोडते.

चार-पाच वाचनं पुरेत. त्यापुढे वाचत बसलात तर बसल्या बसल्याच सूर लागायला सुरुवात होते.

## टप्पा २: चार याद्या

प्रत्येक नटाने आपल्या वहीत चार याद्या करायच्या. घरी, एकट्याने, संहिता समोर ठेवून.

१. माझ्या पात्राबद्दल संहितेत थेट दिलेल्या गोष्टी.
२. माझं पात्र स्वतःबद्दल काय बोलतं.
३. माझं पात्र इतरांबद्दल काय बोलतं.
४. इतर पात्रं माझ्याबद्दल काय बोलतात, माझ्यासमोर आणि माझ्या मागे.

दुसऱ्या आणि चौथ्या यादीचा मेळ बसत नाही तिथे थांबा. नरसय्या म्हणतो, ‘मी कुणाला अडवत नाही.’ राजमणी म्हणते, ‘यांच्या भीतीनं पोरानं तोंड उघडलं नाही.’ दोघांपैकी खोटं कोण बोलतंय याचा निकाल आत्ता लावायचा नाही. प्रश्न म्हणून वहीत लिहून ठेवा, तालीम त्याचं उत्तर देईल.

इथली नेहमीची चूक म्हणजे चरित्र लिहीत बसणं. नरसय्याचं बालपण, त्याची आवडती भाजी, त्याच्या आजोबांचं गाव अशी पानंच्या पानं भरतात आणि त्यातलं रंगमंचावर काहीच येत नाही. संहितेतल्या एखाद्या वाक्याला किंवा कृतीला ज्याची गरज आहे तेवढंच कल्पनेने भरा. ‘बॅग दिसण्याच्या आधीचा तास नरसय्याने कुठे घालवला?’ या प्रश्नाचा उपयोग आहे. तो पाळी संपवून, दोन ठिकाणी उसने पैसे मागून, रिकाम्या हाताने आला असेल तर दारातून आत येण्याची रीतच बदलते.

> तपासा: प्रवेश सुरू होण्याआधीच्या दहा मिनिटांत आपलं पात्र कुठे होतं आणि काय करत होतं, हे प्रत्येकाने एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. ‘घरीच होते’ हे उत्तर चालणार नाही. घरी काय करत होते?

## टप्पा ३: तुकडे पाडा आणि क्रियापदं लावा

प्रवेशात नवी गोष्ट घडली की नवा तुकडा सुरू होतो. कुणी आत येतं, एखादी बातमी कळते, कुणी नकार देतं, कुणीतरी हार मानतं. आमच्या प्रवेशात ढोबळपणे पाच तुकडे पडतात: बापाच्या येण्याआधीची मायलेकांची कुजबूज, बाप आल्यावर सगळं रोजच्यासारखं असल्याचं सोंग, बॅग दिसणं, भांडण आणि जेवणाचं बोलावणं. प्रत्येक तुकड्याला घटनेचं नाव द्या, भावनेचं नको. ‘बॅग दिसते’ हे नाव चालेल. ‘तणाव’ हे नाव काही कामाचं नाही.

मग प्रत्येक तुकड्यात आपल्या पात्राला समोरच्याकडून काय हवंय ते लिहा. ‘मला शांती हवी’ म्हणजे काहीच नाही. ‘श्रीनिवासने बॅग खाली ठेवावी’ हे मिळालं की नाही ते डोळ्यांनी दिसतं.

आता कामाचा गाभा. प्रत्येक वाक्यासमोर एक क्रियापद लिहायचं. ते निवडण्याची कसोटी सोपी आहे: ‘मी तुला...’ या शब्दांपुढे ते बसलं पाहिजे. मी तुला अडवतो. मी तुला लाजवतो, डिवचतो, चुचकारतो, विनवतो, धमकावतो, हिणवतो, चाचपतो, टाळतो, मोकळं करतो. ही चालतात. ‘मी तुला चिडतो’, ‘मी तुला दुःखी होतो’ अशी वाक्यंच होत नाहीत, म्हणून चिडणं आणि दुःखी होणं बाद. भावना ठरवून आणता येत नाही. समोरच्यावर केलेली कृती मात्र ठरवता येते, आणि ती मनापासून केली की भावना तिच्या मागून येते.

‘जेवून जा’ घ्या. मी तुला अडवतो: गाडी चुकावी म्हणून जेवायला बसवतो. मी तुला हाकलतो: शेवटचं जेव आणि नीघ. मी तुला लाजवतो: ज्या ताटावर वाढलास ते विसरू नकोस. मी तुला मोकळं करतो: जा, माझी हरकत नाही. मी तुझी माफी मागतो, हेही चालेल, कसोटी थोडी वाकवून. दोन शब्द, पाच वेगळे बाप. यातला कोणता खरा हे वाचून ठरत नाही. पाचही करून बघावे लागतात, आणि प्रत्येक वेळी श्रीनिवासला काय होतं ते बघावं लागतं. ज्या क्रियापदाने समोरच्या नटाचं पुढचं वाक्य सहज सुटतं, ते बहुतेक वेळा बरोबर असतं.

चुका तीन. पहिली: सगळ्या वाक्यांना एकच क्रियापद. भांडणभर ‘धमकावतो’ लिहिलंत तर भांडण सपाट होणारच. खऱ्या घरात बाप धमकावतो, मग चुचकारतो, मग टोमणा मारतो, कारण आधीचं लागू पडलेलं नसतं. दुसरी: क्रियापदं दिग्दर्शकाने वाटून देणं. नटाने स्वतः निवडायची, दिग्दर्शकाने फक्त ‘अजून धारदार काही?’ एवढं विचारायचं. तिसरी: ती शाईने लिहिणं. पेन्सिलच वापरा, कारण पुढच्या टप्प्यात निम्मी बदलतील.

## टप्पा ४: स्वतःच्या शब्दांत प्रवेश

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, निदान आठ-नऊ तालमी. हाच टप्पा सगळ्यात जास्त वेळा गाळला जातो. ‘वेळ नाही, आधी वाक्यं बसू द्या’ असं म्हणतात. वाक्यं इथेच बसतात, पाठ न करता.

रशियन दिग्दर्शक स्तानिस्लावस्की आयुष्याच्या अखेरीस, १९३० च्या दशकात, टेबलावरची लांबलचक चर्चा कमी करून नटांना लवकर उभं करू लागला होता. आधी कृती, मग शब्द. रीत अशी:

१. एक तुकडा एकदा वाचा. संहिता मिटून बाजूला ठेवा.
२. प्रत्येकाने तीन गोष्टी मोठ्याने सांगायच्या: आत्ताच काय घडून गेलंय, मला समोरच्याकडून काय हवंय, या तुकड्यात कोणती घटना घडायलाच हवी.
३. उभे राहा आणि तुकडा स्वतःच्या शब्दांत करा, वस्तू हातात घेऊन. पाच-सात मिनिटं पुरे.
४. खाली बसा, संहिता उघडा, ताडून बघा. कोणती घटना राहिली? कुठे आपण शंभर शब्द बोललो आणि लेखकाने दोन शब्दांत भागवलं? कुठे आपण गप्प बसलो आणि लेखकाने बोलायला लावलं?
५. पुन्हा करा.

तिसऱ्या-चौथ्या खेपेला लेखकाची वाक्यं तोंडात आपोआप यायला लागतात, कारण तीच सगळ्यात नेमकी आहेत हे नटाला स्वतःच्या बोलण्यातून पटलेलं असतं. आमच्या प्रवेशात नरसय्या पहिल्या खेपेला हमखास लांब भाषण करेल: आम्ही एवढे कष्ट केले, तू असा निघालास. मग संहितेत बघायचं. तिथे फक्त ‘जेवून जा.’ आता कळतं की ते सगळं भाषण त्या दोन शब्दांखाली दाबलेलं आहे.

सोलापूरकरांजवळ या टप्प्यासाठी एक मोठं भांडवल आहे आणि आपण ते वापरत नाही. आपल्या बहुतेक गटांत घरी तेलुगू, कन्नड किंवा दखनी बोलणारी मुलं असतात. त्यांना हा प्रवेश आधी घरच्या भाषेत करू द्या. समोरचा मराठीत बोलला तरी बिघडत नाही, अर्थ कळतोच. आईशी ज्या भाषेत भांडलो त्या भाषेत शब्द शोधावे लागत नाहीत, हात-मान-डोळे मोकळे सुटतात, श्वास जागेवर येतो. दोन खेपा तशा झाल्या की मराठीवर या. शरीरात जे सुटलं होतं ते मराठीतही बरंचसं टिकतं. ‘शुद्ध बोल’ असं कानीकपाळी ओरडून ज्या मुलांना आपण आखडून टाकलं, त्यांना यातून मोकळं होताना बघण्यासारखा आनंद नाही.

फसतं कुठे? नट नवीन कथानक जोडतात: श्रीनिवास एकदम सांगतो की पुण्यात त्याने लग्न केलंय. थांबवा. घटना संहितेतल्याच, शब्द फक्त आपले. दुसरं, जो बोलण्यात तरबेज तो सगळा प्रवेश खाऊन टाकतो. त्याला एका खेपेला तीनच वाक्यं बोलायची मुभा द्या. तिसरं, दिग्दर्शक मधे बोलतो. तुकडा संपेपर्यंत त्याने तोंड मिटून टिपणं काढायची.

> सावध: मारणं, ढकलणं, कवटाळणं यांपैकी काय चालेल आणि काय नाही, हे उभं राहण्याआधी दोघांनी बोलून ठरवायचं. थोबाडीत मारण्याची जागा असेल तर उत्स्फूर्त खेळात हात हवेतच थांबला पाहिजे. खरी मारू नका, ‘थोडी लागली तर चालेल’ असंही नको. कुणीही ‘थांब’ म्हटलं की त्याच क्षणी थांबायचं, कारण विचारायचं नाही.

> सावध: ‘तुझे वडील गेले तेव्हाचं आठव’ असं नटाला सांगू नका. ताज्या दुःखातून आलेलं रडू दुसऱ्या प्रयोगाला येईलच असं नाही, आणि माणूस घरी जाताना ते सोबत घेऊन जातो. ‘माझ्यावर ही वेळ आली असती तर मी काय केलं असतं?’ एवढा प्रश्न पुरतो.

## टप्पा ५: शरीर आणि काम

आपल्याकडे ‘बेअरिंग’, म्हणजे पात्राची देहबोली, म्हटलं की बहुतेकदा कमरेत वाकणं, लंगडणं किंवा मान हलवणं. बाहेरून चिकटवलेलं बेअरिंग दुसऱ्या अंकात सुटतं. कामातून आलेलं सुटत नाही.

नरसय्याचं शरीर मागावर घडलंय. यंत्रमागाच्या शेडमध्ये आवाज सहसा ९० डेसिबलच्या वर असतो. वर्षानुवर्षं तिथे उभं राहिलेला माणूस उंच पट्टीत बोलतो, समोरच्याच्या कानाजवळ येतो, बोलणाऱ्याच्या ओठांकडे बघतो, हातवारे करतो. एकाच वेळी अनेक मागांवर लक्ष ठेवल्याने त्याची नजर एका जागी फार वेळ थांबत नाही. तार तुटली की हात पुढे जातो. आता हे भांडणात आणा: मुलगा हळू आवाजात काहीतरी कबूल करतो आणि बापाला ते नीट ऐकू येत नाही. त्याला जवळ जावं लागतं, ओठांकडे बघावं लागतं. इतका वेळ दूर राहिलेले दोघं पहिल्यांदा जवळ येतात, ते ऐकू न आल्यामुळे. अशी जागा कुणी हालचाल म्हणून सांगितली असती तर खोटी वाटली असती.

राजमणीचं काम हातांचं आहे. पान भिजवलेलं, मापाने कापलेलं, तंबाखू भरायचा, वळायचं, दोऱ्याने बांधायचं. मजुरी हजार विड्यांवर मिळते, म्हणजे हात थांबला की पैसे थांबले. तिच्यासाठी एक व्यायाम: संपूर्ण प्रवेशात हात एकदाच थांबवायची परवानगी आहे. कुठे, ते तिने ठरवायचं. बॅग दिसल्यावर? नवऱ्याने हात उगारल्यावर? की ‘जेवून जा’ ऐकल्यावर? वेगवेगळ्या जागी थांबवून बघा. जिथे थांबवल्यावर बाकीच्या दोघांनीही नकळत तिच्याकडे बघितलं, ती जागा पक्की.

यानंतर प्रत्येक नटाने स्वतःला विचारायचं: शरीराचा कोणता भाग दमलाय? वजन टाचेवर आहे की चवड्यावर? हालचाल झटक्याची आहे की रेटून केलेली? हालचालींचा अभ्यास करणाऱ्या रुडॉल्फ लाबान या नृत्यतज्ज्ञाने हालचालींचे असेच भेद केले होते: जोरकस की हलकी, झटपट की रेंगाळती, थेट की वळणावळणाची. एकाच माणसाने पेला उचलणं या सगळ्या प्रकारांनी करून बघितलं की कोणती हालचाल आपल्या पात्राची नाही हे लगेच कळतं.

निरीक्षणाला जरूर जा. ओळखीतून, आधी विचारून, दोघं-तिघंच. कामात अडथळा होणार नाही अशा बेताने बसा. मोबाईल खिशात राहू द्या, कारण कॅमेरा निघाला की समोरचा माणूस बदलतो. परत आल्यावर एकच गोष्ट घ्या, पण ती नेमकी घ्या.

भाषेबद्दल स्पष्ट सांगतो. ‘काय करूलालास बे’ हा आपला ढंग आहे आणि तो नाटकात यायलाच हवा. पण तेलुगू किंवा कन्नड वळणाची मराठी हशा काढण्यासाठी वापरली की ते पात्र तिथेच मेलं. समोर बसलेल्यांत त्याच घरातली माणसं असतात. वळण कानाने घ्या, वाढवू नका, आणि ज्याच्या घरात ती बोली आहे अशाला ऐकवून मगच कायम करा.

> तपासा: एक तुकडा शब्दांशिवाय, फक्त कामं करत खेळा. बाहेर बसलेल्याला कोण कुणाला टाळतंय आणि कुणाला कुणाकडून काय हवंय हे कळलं, तर पुढे जा. नाही कळलं तर टप्पा ३ ची क्रियापदं पुन्हा काढा.

## टप्पा ६: प्रश्नांची खुर्ची

नट पात्र म्हणून खुर्चीत बसतो, बाकीचे दहा मिनिटं प्रश्न विचारतात. उत्तर ‘मी’ म्हणूनच द्यायचं, ‘नरसय्याला असं वाटतं’ असं नाही. प्रश्न हकीकतीचे आणि निवडीचे विचारा: शेवटचे उसने पैसे कुणाकडून घेतले? मुलाला मागावर का लावलं नाही? त्याची नोकरीची मुलाखत झाली त्या दिवशी तुम्हाला काय सांगितलं होतं? ‘तुम्हाला काय वाटलं?’ हा प्रश्न वगळा, त्यावर भाषण येतं.

पात्र खोटं बोलू शकतं, उत्तर नाकारू शकतं, उठून जाऊ शकतं. कुठे खोटं बोललो हे नटाने नंतर वहीत लिहायचं. संहितेच्या विरुद्ध जाणारं उत्तर आलं तर संहिता खरी.

## टप्पा ७: पत्त्यांचा खेळ

उत्स्फूर्त अभिनय शिकवणारा नाट्यशिक्षक कीथ जॉनस्टोन नटांकडून माणसामाणसांतला वरचा-खालचा दर्जा खेळवून घेई. त्यातला हा सोपा प्रकार. पत्त्यांतून दुर्री ते दश्शी काढा, प्रत्येकाला एक द्या, इतरांना दाखवायची नाही. दश्शीवाला खोलीचा मालक, दुर्रीवाल्याला उभं राहायलाही जागा नाही. तुकडा त्या पत्त्याप्रमाणे खेळा आणि मग कुणाकडे काय होतं ते ओळखा.

बापाकडे कायम दश्शी असावी असं सगळे धरून चालतात. त्याला तिर्री द्या, राजमणीला नव्वी द्या. भांडण एकदम वेगळं ऐकू येतं. प्रवेशात पत्ते नेमके कोणत्या वाक्याला बदलतात तेवढं टिपून ठेवा, एक-दोन तालमींत काम होतं.

## टप्पा ८: आता पाठांतर

चौथ्या आठवड्यात संहिता हातात घ्या. निम्मी वाक्यं आधीच आलेली असतील. उरलेली अशी करा:

१. वाक्य आणि क्रियापद जोडीने पाठ करा, पण चालीवर नाही. कुजबुजत, भराभर, भांडी घासताना, चालताना, वेगवेगळ्या वेगाने म्हणा.
२. आधी क्यू, म्हणजे ज्यावर आपलं वाक्य येतं ते समोरच्याचं बोलणं, पाठ करा. समोरच्याच्या वाक्यातल्या कोणत्या शब्दाने मला बोलावंसं वाटतं, त्या शब्दाखाली रेघ मारा. तो नेहमी शेवटचाच शब्द असतो असं नाही.
३. मोबाईलवर क्यू रेकॉर्ड करणार असाल तर ते सपाट आवाजात करा. भावनेने भरलेलं रेकॉर्डिंग पन्नासदा ऐकलं की प्रत्यक्षात समोरचा नट काय करतोय ते ऐकूच येत नाही.
४. जोडीने पाठ करा, हातात काम घेऊन.

या टप्प्यापासून शब्दात सूट नाही. स्वतःच्या शब्दांत खेळायची सवय लागलेले नट ‘अर्थ तोच आहे ना’ म्हणून वाक्य बदलतात. लेखकाचं वाक्य जसंच्या तसं आलं पाहिजे. प्रॉम्प्टरने शब्द द्यायचा, सूर द्यायचा नाही, आणि पॉज घेतलेल्या नटाला घाईने वाक्य पुरवायचं नाही.

> तपासा: दोघं नट समोरासमोर बसून, चेंडू एकमेकांकडे टाकत, सगळा प्रवेश म्हणू शकले पाहिजेत. चेंडू पडल्यावर वाक्य हुकत असेल तर ते अजून तोंडातच आहे.

## टप्पा ९: हालचाली, सलग तालमी आणि मोठा रंगमंच

हालचाली देताना आता दिग्दर्शकाचं काम बरंच हलकं होतं. बहुतेक जागा सापडलेल्या असतात, त्यांतल्या निवडायच्या, दृश्य दिसेल अशा वळवायच्या आणि पक्क्या करायच्या. नवी हालचाल द्यावी लागलीच तर तिच्यासोबत क्रियापदही द्या. ‘डावीकडे जा’ याऐवजी ‘त्याची वाट अडव’.

सलग तालमीनंतर टिपणं देताना ‘इथे अजून रडवेलं हवं’ असं म्हणू नका. ‘इथे तू तिला विनवायचं सोडलंस’ असं म्हणा. नटाला दुसऱ्या दिवशी काय करायचं ते कळतं. एका नटाला एका वेळी दोन-तीन टिपणंच द्या.

हॉलमधून हुतात्मा स्मृती मंदिराच्या रंगमंचावर गेलं की पुष्कळ नाटकं बिघडतात. अंतर वाढतं, नट घाबरून आवाज चढवतो आणि आवाजाबरोबर क्रियापद बदलतं: चुचकारणारा बाप शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचण्याच्या नादात दरडावू लागतो. याची तालीम आधीच करा. शाळेच्या मैदानावर नटांना लांब लांब उभं करून तोच तुकडा खेळा, क्रियापद न बदलता. आधी शब्दांची टोकं स्पष्ट करा, मग श्वास वाढवा, आवाज सगळ्यात शेवटी. रंगीत तालमीला एक जण शेवटच्या रांगेत बसवा आणि ऐकू आलं का हे विचारू नका. कोण कुणाला काय करत होतं ते विचारा.

शेवटच्या चार दिवसांत नवीन काही शोधू नका. एखादा तुकडा शिळा वाटायला लागला तर दिग्दर्शकाने एकाच नटाच्या कानात वेगळं क्रियापद सांगावं, बाकीच्यांना कळू न देता. समोरचे ऐकायला लागतात आणि तुकडा जागा होतो. दुसऱ्या दिवशी मूळ क्रियापदावर परत या.

प्राथमिक फेरीतून निवड झाली तर अंतिम फेरीपर्यंत मधे काही आठवडे तरी जातात. तेव्हा पुन्हा उभं राहताना सलग तालमीने सुरुवात करू नका, त्यात जुने सूर तेवढे ताजे होतात. संहिता मिटा, सगळ्यात निर्जीव झालेला तुकडा निवडा आणि टप्पा ४ पासून सुरू करा.